मॉर्गेदालचा सुतार

आपल्या बडोद्यात एखादा जुना वाडा कोणाचा, असे विचारले तर सांगणारे अजून भेटतात. सरदाराचे नाव, त्याचा हुद्दा, वाडा पुढे कोणाच्या वाट्यास गेला, सारे सांगतात. पण त्याच वाड्याच्या सागवानी खांबांवरची केळफुले आणि दिंडीची चौकट ज्याच्या हातची, त्या सुताराचे नाव विचारावे तर ते कोणासच ठाऊक नसते. लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडा करणारे मँट आणि ते काम पुढे तडीस नेणारे चिझम यांची नावे पुस्तकांतून आढळतात. तिथे रंधा चालवणाऱ्यांची आढळत नाहीत. वस्तू राहते, वापरणाऱ्याचे नाव राहते आणि घडवणाऱ्याचे पुसले जाते, हा जगाचा जुना रिवाज आहे.

ह्या रिवाजातून निसटलेल्या एका सुताराची हकीकत आज सांगावयाची आहे. तो नॉर्वे देशातला. नाव सोन्द्रे नॉरहाइम. बर्फावरून घसरत जाण्यासाठी पायांना ज्या लांब अरुंद फळ्या बांधतात त्यांना स्की म्हणतात. त्या फळ्यांना आजचा घाट देणाऱ्यांत ह्याचे नाव पहिले घेतले जाते. मी स्वतः आयुष्यात कधी स्की पायांत घातलेली नाही, आणि ह्या वयात आता घालीन अशी आशाही नाही. त्याच्या चरित्राकडे माझे लक्ष गेले ते वेगळ्याच कारणाने. जन्मभर ज्या वस्तूत जीव ओतला ती जिथे जवळजवळ निरुपयोगी ठरावी, अशा परक्या मुलखात उतारवयात जाऊन राहण्याची पाळी ह्या माणसावर आली. पिढ्यान्पिढ्या मूळ गावापासून दूर राहिलेल्या आपल्यासारख्या घरांस ती गोष्ट परकी वाटू नये.

आपल्यापैकी कोणी हिवाळ्यात गुलमर्गला किंवा औलीला गेले असतील, तर त्यांनी स्की पाहिली असेल. टोकाशी वर वळलेली, मध्ये किंचित बारीक, मागे पुन्हा जराशी रुंद. हा मधला बारीक भाग म्हणजे स्कीची कंबर. ही फळी बर्फावर एका अंगावर कलती केली आणि तिच्यावर भार दिला की ती वाकते, आणि तिची आत गेलेली कड बर्फावर आपोआप एक कमान आखीत जाते. माणसाला वळण घेता येते ते ह्यामुळे. सरळसोट कडांची फळी वळवायची तर अंगमेहनतीने ढकलून वळवावी लागते. कंबर असलेल्या फळीला नुसता इशारा पुरतो.

स्की हा शब्दच मुळी लाकडातून आलेला. जुन्या नॉर्स भाषेत त्याचा अर्थ फाडलेल्या लाकडाचा तुकडा असा आहे. नॉर्वे आणि आसपासच्या उत्तरेच्या देशांत हजारो वर्षांपासून माणसे स्कीवर चालत आली. शिकारीला जाणे, शेजारच्या वाडीवर जाणे, देवळात जाणे, सहा महिने बर्फाखाली असणाऱ्या मुलखात ह्या सगळ्यासाठी तेच वाहन. आपल्याकडे होडीवाल्या कोळ्याला होडी जशी, तशी तिकडच्या डोंगरकऱ्याला स्की. तेव्हा सोन्द्रेने स्की शोधून काढली असे कोणी म्हणत नाही. त्याने काय केले ते समजण्यासाठी त्याच्या गावात जावे लागेल.

नॉर्वेच्या दक्षिण भागात टेलेमार्क नावाचा डोंगराळ प्रांत आहे. त्यातल्या मॉर्गेदाल ह्या लहानशा खोऱ्यात, ओव्हरबो नावाच्या झोपडीवजा घरात, १० जून १८२५ रोजी सोन्द्रेचा जन्म झाला. त्याच वर्षीच्या जुलैत नॉर्वेच्या स्तावांगर बंदरातून एक लहान गलबत ५२ माणसांना घेऊन अमेरिकेकडे निघाले. नॉर्वेतून अमेरिकेत वस्तीसाठी गेलेला हा पहिला जथा. पुढे त्या वाटेने लाखो माणसे गेली, आणि लोकसंख्येच्या मानाने पाहता आयर्लंडच्या खालोखाल नॉर्वे रिकामा झाला. आपल्या जन्माच्या साली सुटलेल्या त्या गलबताची वाट आपल्यालाही एक दिवस धरावी लागेल, हे मॉर्गेदालच्या त्या पोराला कुठून ठाऊक असणार?

सोन्द्रेचे घराणे कुळांचे. जमीन मोठ्या शेतकऱ्याची. कुळाने तिच्या एका कोपऱ्यात झोपडे बांधावे, लहानसा तुकडा कसावा आणि त्याबद्दल मालकाच्या शेतावर राबावे, अशी तिथली पद्धत होती. मालक बदलला, करार सरला, की बोचके उचलून दुसऱ्या तुकड्यावर जावयाचे. सोन्द्रेही असा एका तुकड्यावरून दुसऱ्यावर गेला. नॉरहाइम हे त्याचे आडनाव म्हणजे तो जिथे काही काळ राहिला त्या अशाच एका ठिकाणाचे नाव. ज्या नावाने जग त्याला ओळखते ती जागाही त्याच्या मालकीची नव्हती. १८५४ साली त्याचे रान्नेई हिच्याशी लग्न झाले, मुलेबाळे झाली, आणि पोट भरण्यासाठी तो सुतारकाम करू लागला. त्यातलेच एक काम म्हणजे स्की बनवणे.

हे काम कसे चालते ते थोडे सांगितले पाहिजे, कारण सोन्द्रेची करामत त्यातच आहे. प्रथम झाड निवडायचे. पाइन, बर्च किंवा अ‍ॅश. बर्च म्हणजे ज्याच्या सालीवर आपल्या पूर्वजांनी पोथ्या लिहिल्या त्या भूर्जाच्याच जातीचा वृक्ष. बुंधा सरळ हवा, गाठी नकोत, पीळ नको. मग तो करवतीने न कापता पाचरी ठोकून उभा फाडायचा. करवत आपल्या मर्जीने जाते आणि लाकडाचे रेषे मध्येच तोडते. पाचर मात्र रेषा जिकडे जाईल तिकडेच जाते. अशा फाडलेल्या फळीत टोकापासून शेपटापर्यंत रेषा अखंड राहतो, आणि ती वाकली तरी मोडत नाही. मग कुऱ्हाडीने तासणे, रंध्याने साफ करणे. पुढचे टोक उकळत्या पाण्यात मऊ करून वर वळवायचे आणि साच्यात अडकवून वाळू द्यायचे. फळीच्या तळाला मध्यावर उभी खोबण पाडायची, म्हणजे ती बर्फावर सरळ धावते. मधल्या भागाला किंचित वर उचललेला बाक ठेवायचा, धनुष्यासारखा. माणूस उभा राहिला की हा बाक दबतो आणि त्याचे वजन सबंध फळीवर सारखे पसरते; नाहीतर पावलाखालीच खड्डा पडेल. शेवटी तळाला पाइनच्या लाकडापासून काढलेले डांबर आचेवर जिरवायचे, म्हणजे ओल शिरत नाही.

ह्यात चूक लपवायला जागा नाही. दरवाजा थोडा वाकडा झाला तर तो घासून बसवता येतो. पण जोडीतली एक फळी दुसरीपेक्षा ताठ निघाली तर उतारावर माणूस एका अंगाला ओढला जातो, आणि बनवणारा स्वतःच त्या उतारावर जाणार असेल तर त्याला त्याचा हिशेब लगेच चुकता करावा लागतो. सोन्द्रेच्या बाबतीत नेमके हेच होते. तो आपल्या मालाची परीक्षा स्वतःच्या हाडांवर घेई. गावात त्याच्या उडाणटप्पूपणाच्या गोष्टी पुष्कळ. घरांच्या बर्फाळलेल्या छपरांवरून तो स्कीसकट खाली उडी घेई असे सांगतात. घरात खाण्याची वानवा आणि बाप मात्र उतारावर, असे म्हणून नाके मुरडणारेही असणारच. कष्टकरी माणसाचा खेळ शेजाऱ्यांच्या डोळ्यांत नेहमीच सलतो. पण हा खेळच त्याची प्रयोगशाळा होता.

त्या वेळी अडचण होती ती बंधाची. जुन्या स्कीला पावलाच्या पुढच्या भागावरून एक पट्टा असे, बस्स. सपाटीवर चालायला तो ठीक. पण उतारावर वेग आला, वळायचे झाले किंवा उडी मारली, की पाय एकीकडे आणि स्की दुसरीकडे. म्हणून लोक हातात एक लांब काठी धरीत आणि उतारावर तिच्यावर रेलून, जवळजवळ तिच्यावर बसूनच वेग आवरीत. वाहन होते, पण त्याचा लगाम पायात नसून काठीत होता.

सोन्द्रेने बर्चची कोवळी, चिवट मुळे घेतली, ती पिळून त्यांचे वेढे केले आणि पुढच्या पट्ट्यापासून टाचेमागून एक कडे फिरवले. टाच वर उचलता येई, चालायला अडथळा नाही. पण स्की पायाला धरून राही. आता पाय जे सांगेल ते फळी ऐकू लागली. ह्या बंधाच्या जोडीला त्याने स्की आखूड केली आणि तिला कंबर दिली. बंध, लांबी आणि कंबर ह्या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर काठीची गरज संपली. माणूस हात मोकळे सोडून उतारावरून येऊ शकला, हवेत उडी घेऊन पुन्हा पायांवर उतरू शकला, आणि तळाशी पोचल्यावर एक पाय पुढे, एक गुडघा खाली, अशा बैठकीत गोल वळण घेऊन जागच्या जागी थांबू शकला. त्या वळणाला पुढे त्याच्या प्रांताचेच नाव पडले. आजही स्कीच्या उडीत जमिनीवर उतरताना एक पाय पुढे ठेवण्याच्या पद्धतीला टेलेमार्क म्हणतात आणि परीक्षक तिला गुण देतात.

इथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे, नाहीतर सत्याला सोडून होईल. हे सारे एकट्या सोन्द्रेने शोधले असे अलीकडचे अभ्यासक मानीत नाहीत. टाचेमागचे वेढे आणि कंबर असलेल्या फळ्या टेलेमार्कात इतरत्रही होत्या, त्याच्या आधीही असाव्यात. खेड्यातली विद्या ही अशीच वाढते. एक करतो, दुसरा पाहतो, तिसरा सुधारतो. मला ह्यामुळे सोन्द्रेचे मोल कमी झालेसे वाटत नाही. आपल्याकडे एखाद्या गवयाच्या नावाने घराणे ओळखले जाते तेव्हा त्यातले सगळे सूर त्यानेच निर्माण केले असे कोणी समजत नाही. विखुरलेले होते ते त्याच्या गळ्यात एकत्र आले आणि लोकांना ऐकू आले, एवढाच त्याचा अर्थ. सोन्द्रेच्या पायांत ते एकत्र आले आणि लोकांना दिसले.

दिसण्याचे प्रसंग दोन. १८६६ साली मॉर्गेदालजवळच्या हॉयदाल्समो येथे उड्यांची चढाओढ झाली. बक्षीस ठेवून भरवलेल्या अशा चढाओढींतली ही अगदी आरंभीची. तिथे सोन्द्रे पहिला आला. पण ती झाली पंचक्रोशीतली कीर्ती. १८६८ च्या हिवाळ्यात राजधानीत, म्हणजे आज आपण जिला ऑस्लो म्हणतो त्या क्रिस्तियानियात, इव्हर्सलोक्का येथे स्पर्धा ठरली. मॉर्गेदालपासून हे शहर दोनशे किलोमीटरांच्या आसपास. सोन्द्रे आणि त्याचे सोबती हे अंतर स्कीवरूनच तोडून गेले. तीन दिवस लागले असे सांगतात. त्याचे वय तेव्हा ४२ होते. समोरचे स्पर्धक वयाने पुष्कळ लहान.

शहरी लोकांनी तोवर स्की पाहिली होती ती काठीवर रेललेल्या माणसांची. हा रापलेला, गावठी कपड्यांतला प्रौढ माणूस काठीशिवाय उतारावर आला, त्याने उडी घेतली, पायांवर उतरला आणि वळण घेऊन उभा राहिला. स्पर्धा त्याने जिंकलीच. पण जिंकण्यापेक्षा मोठी गोष्ट घडली. ज्याला शहरातली मंडळी गरजेपोटी करावयाची पायपीट समजत होती त्यात एक कला आहे हे त्यांना त्या दिवशी समजले. वर्तमानपत्रांत त्याचे नाव आले. आणि हा गृहस्थ पुन्हा मॉर्गेदालला परतून आपल्या रंध्यापाशी बसला.

त्यानंतर जे घडले त्याचा फायदा सोन्द्रेच्या घरात आला नाही. त्याच्याच खोऱ्यातले दोन तरुण भाऊ, मिक्येल आणि तोर्यूस हेमेस्टव्हाइट, त्याची रीत पाहत वाढले. १८८१ साली क्रिस्तियानियात त्यांनी स्की शिकवायला आरंभ केला. जगातली पहिली स्की-शाळा म्हणून तिचा उल्लेख होतो. पुढे हे दोघेही अमेरिकेत गेले आणि मिनेसोटातल्या रेड विंग गावी त्यांनी उडीची कला तिकडे रुजवली. १८८८ साली फ्रित्यॉफ नान्सेनने पाच सोबत्यांसह ग्रीनलँडचा बर्फाळ पठार स्कीवर ओलांडला, त्यावर पुस्तक लिहिले, आणि मध्य युरोपभर स्कीचे वेड पसरले. ऑस्ट्रियात माथियास झ्दार्स्की नावाच्या माणसाने ते पुस्तक वाचून नॉर्वेहून स्की मागवल्या, आणि आल्प्सच्या तीव्र उतारांवर त्या चालेनात म्हणून स्वतःचा नवा बंध तयार केला. मॉर्गेदालच्या बोलीतला उतारावरचा माग ह्या अर्थाचा शब्द, स्लालोम, आज झेंड्यांच्या काठ्यांमधून वळसे घेत उतरण्याच्या शर्यतीचे नाव म्हणून जगभर चालतो. एवढ्या सगळ्या विस्तारात सोन्द्रेने ना पेटंट घेतले, ना कारखाना काढला. पिळलेल्या मुळाचे कसले पेटंट! ज्याने पाहिले त्याने घरी जाऊन तसे पिळले.

आणि मग १८८४ साल आले. नॉर्वेच्या खेड्यापाड्यांतून अमेरिकेकडे जाणारा लोंढा त्या दशकात भरात होता. जमीन थोडी, तोंडे पुष्कळ. कुळाच्या पोराला पुढे कूळच होणे भाग. समुद्रापलीकडे मात्र १८६२ च्या कायद्याने वसाहतवाल्याला १६० एकर जमीन नाममात्र खर्चात मिळू शकत होती, आणि ती स्वतःच्या नावावर. हे आमिष ज्यांनी पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याची जमीन कसली त्यांनाच समजेल. सोन्द्रेची काही मुले आधीच गेलेली होती. अखेर १८८४ साली रान्नेई आणि उरलेली मुले घेऊन तोही निघाला. वय ५९ च्या घरात. प्रथम मिनेसोटा, आणि तिथून पुढे उत्तर डकोटात व्हिलार्डच्या आसपास.

आपल्यापैकी पुष्कळांचे मूळ पुरुष गायकवाडांच्या फौजेबरोबर, दप्तराबरोबर किंवा पुढे नोकरीच्या निमित्ताने देशावरून आणि कोकणातून इकडे आले. पण ते आले तेव्हा राज्य वाढते होते. त्यांच्या हातातल्या गुणाला, मग तो तलवारीचा असो, लेखणीचा असो की तंबोऱ्याचा, इथे गिऱ्हाईक होते. बडोद्यात १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली कलाभवन उघडले आणि कारागिराच्या हाताला शास्त्राची जोड मिळावी म्हणून शाळा निघाली. त्याच सुमारास जगातला स्कीचा सर्वांत नामांकित कारागीर डकोटाच्या माळावर शेतकरी म्हणून दिवस काढीत होता.

डकोटाचा तो मुलूख कसा, हे ध्यानात घेतले पाहिजे. बर्फाला तोटा नाही, थंडी नॉर्वेपेक्षाही कडक. पण क्षितिजापर्यंत गवताळ सपाटी. उतार नाही. ज्याने आयुष्यभर उतारासाठी लाकूड घडवले त्याला जमीन मिळाली, आणि डोंगर गेला. सांगतात की तिथेही त्याच्या घराच्या दाराशी स्कीची एक जोडी नेहमी उभी असे. एकीकडे बर्फातून शेजाऱ्याकडे जायला ती उपयोगी पडत असेल, हे खरेच. पण मला वाटते, ती जोडी तिथे उभी असण्याचे तेवढेच कारण नसावे. कोकणातले गाव सुटून सात पिढ्या झाल्या, तिथे घर नाही, दार नाही, भाऊबंदही ओळखीचे राहिले नाहीत, तरी कुळाचाराला तिथल्याच देवीचा नारळ बाजूला काढून ठेवणारी घरे ह्या शहरात आहेत. त्या नारळाचा उपयोग काय, असे त्यांना कोणी विचारीत नाही. दारातल्या त्या जोडीचा उपयोगही तसाच समजावा.

उतारवयात तो देवधर्माकडे वळला आणि तिथल्या नॉर्वेजियन वस्तीच्या ल्युथरन मंडळीच्या उभारणीत त्याने भाग घेतला, अशी माहिती मिळते. ९ मार्च १८९७ रोजी तो वारला. डेन्बी गावाजवळच्या चर्चच्या आवारात त्याला पुरले. कित्येक दशके त्या जागेवर नावाचा दगडसुद्धा नव्हता. ज्या साली तो मातीआड झाला त्या सालीच युरोपातले लोक दुकानांतून स्कीच्या जोड्या विकत घेऊ लागले होते. त्यांना ह्या थडग्याची खबर नव्हती, आणि थडग्याच्या शेजारी नांगर धरणाऱ्यांना त्या दुकानांची.

मग नाव राहिले कसे? ते राखले त्याच्या गावाने. डकोटातल्या वस्तीनेही आठवण धरली, पण आरंभ मॉर्गेदालचा. ओव्हरबोचे ते लहानसे घर लोकांनी पडू दिले नाही. १९५२ साली हिवाळी ऑलिंपिक सामने ऑस्लोत भरले, तेव्हा मशाल ग्रीसमधल्या ऑलिंपियातून आणण्याऐवजी सोन्द्रेच्या जन्मघरातल्या चुलीवर पेटवण्यात आली. तिथून स्कीवरच्या ९४ माणसांनी ती हातोहात सुमारे २२५ किलोमीटर नेली, आणि १५ फेब्रुवारीस बिस्लेटच्या क्रीडांगणात नान्सेनचा नातू आइगिल याने तिने ज्योत पेटवली. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी ज्या राजधानीकडे तो कूळ-सुतार आपल्या पायांनी गेला, तिकडेच त्याच्या चुलीतला विस्तव गेला. १९६० साली अमेरिकेत स्क्वॉ व्हॅलीला सामने झाले तेव्हाही ज्योत ह्याच चुलीवर पेटली आणि समुद्रापलीकडे गेली. पुढे मॉर्गेदालात त्याचा पुतळा उभा राहिला, आणि उत्तर डकोटातल्या मायनॉट शहरातही.

मला ह्या मानमरातबात एक गोष्ट विशेष वाटते. पुतळे कोणाचेही होतात. पण कारागिराचा खरा मान त्याच्या हातातली युक्ती पुन्हा कोणाच्या तरी हातात जिवंत होण्यात असतो, आणि तो सोन्द्रेला मिळत राहिला आहे. विसाव्या शतकात स्कीचे मोठमोठे कारखाने झाले. लाकडाचे थर चिकटवणे आले, पोलादी कडा आल्या, धातू आला, काचतंतू आला. त्या धांदलीत कंबर पुष्कळ काळ किरकोळ बाब होऊन राहिली. १९९३ मध्ये स्लोव्हेनियातल्या एलान कंपनीने खूप बारीक कंबरेची स्की बाजारात आणली, आणि थोड्याच वर्षांत सगळ्या जगातल्या स्कीचा आकार बदलला. नवख्या माणसालाही वळण घेणे सोपे झाले. कंबरेचे मर्म मात्र जुनेच. नव्या सामानामुळे ते अधिक खोल नेता आले इतकेच.

बंधाचीही गोष्ट अशीच आहे. १९६५ च्या नाताळात मिशिगनमधल्या शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थाने घरच्या मुलींना खेळायला म्हणून दोन स्की एकमेकींना जोडल्या, आणि एकाच फळीवर आडवे उभे राहून घसरण्याचा खेळ निघाला. पण पाय मोकळेच, हातात नुसती दोरी. १९७७ साली व्हरमाँटमधल्या लंडनडेरी गावात जेक बर्टन कार्पेंटर नावाच्या तरुणाने लहानशा जागेत हाताने अशा फळ्या बनवायला घेतल्या आणि त्यांवर पाय बांधून ठेवण्याची सोय केली. आजचा स्नोबोर्ड तो हाच. त्याच्या आडनावाचा अर्थच सुतार असा आहे, हा निव्वळ योगायोग. पण शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मॉर्गेदालात जो प्रश्न सुटला होता तोच त्याच्यापुढे होता. फळी पायाचे कशी ऐकेल?

आज युरोपात आणि अमेरिकेत अशा लहान कार्यशाळा पुन्हा दिसतात. दोनचार माणसे, एक दाबयंत्र, कोपऱ्यात रचलेली अ‍ॅशची आणि मेपलची लाकडे. एकेका गिऱ्हाइकाचे वजन, उंची, त्याचा डोंगर विचारून एकेक जोडी घडवतात. गाभा लाकडाचाच असतो, कारण लाकडासारखे जिवंत लवणारे दुसरे काही स्वस्तात मिळत नाही. त्याच्या वरखाली काचतंतूचे कापड आणि राळ. मुळाच्या वेढ्याऐवजी धातूचा बंध असतो. ह्या मंडळींना धंदा सोपा नाही. कारखान्याच्या भावाशी त्यांचा टिकाव लागणे कठीण, आणि त्यातले कित्येक काही हिवाळ्यांतच दुकान मिटतात. पण त्यांच्यात आणि सोन्द्रेत एक नाते आहे. तेही आपला माल आधी स्वतः उतारावर नेतात, आणि खाली पोचून पुन्हा रंध्यापाशी येतात.

सोन्द्रेला ह्यातले काही दिसले नाही. त्याच्या वाट्याला आले ते दुसऱ्याच्या जमिनीवरचे झोपडे, एक विजयाचा हिवाळा आणि शेवटी सपाट माळ. गुणाला आश्रय देणारा राजा त्याला भेटला नाही, आणि आपण आश्रयाच्या शहरात वाढलेली माणसे अशा आयुष्याकडे पाहून हळहळतो. हळहळावे, पण थोडे आपल्या दारीही पाहावे. आपल्या वाड्यांच्या चौकटी ज्यांनी घडवल्या त्या घराण्यांतले कोणी अजून ह्या शहरात रंधा चालवीत असतील. वाडे पडत आहेत, चौकटी जुन्या बाजारात विकल्या जात आहेत. चौकट विकण्याआधी ती कोणाच्या हातची एवढे विचारून, कळले तर कुठेतरी लिहून ठेवले, तर ते काम फार मोठे नाही. मॉर्गेदालच्या लोकांनी जे केले त्याचा आरंभ एवढाच होता. एक लहान घर त्यांनी पडू दिले नाही, आणि त्यात कोण राहत होता हे ते विसरले नाहीत.